भिंतीतल्या पोया मधमाशांची कामवाटणी कशी तपासावी

मधमाशांच्या पोळ्यात कोणती माशी कोणतं काम करते हे मुंबईत तपासायचं, तर पोया ही भिंतीत राहणारी, नांगी न मारणारी इवली मधमाशी घ्या. बम्बलबी, म्हणजे मोठी केसाळ माशी, मुंबईत नाही. भारतात ती हिमालयासारख्या थंड डोंगराळ भागातच सापडते. इथे सुक्या वाशात किंवा बांबूत भोक पाडणारा जो काळा, गुबगुबीत भुंगा दिसतो, तो सुतार भुंगा. त्याच्यात कामकरी वर्गच नसतो, त्यामुळे आपल्या कामाचा नाही.

बम्बलबीच्या पोळ्यात काम अंगपिंडावर वाटलं जातं. एकाच घरच्या दोन कामकरी माशांच्या वजनात दहापट फरक असू शकतो. थोरल्या बाहेर जातात, कारण त्या जास्त मकरंद आणतात आणि गारठ्यातही अंग तापवून उडू शकतात. धाकट्या आत अळ्या सांभाळतात. मुंबईच्या भिंतींत राहणाऱ्या पोया माशा मात्र जवळपास एकाच मापाच्या, जेमतेम ४ मिलिमीटर. त्यांच्यात काम वयावर ठरतं: तरुणपणी अंड्यांच्या कप्प्यांचं आणि मेणाचं काम, मग साफसफाई, मग दारावर पहारा आणि शेवटी बाहेरची खेप. ही शेवटची दोन-तीन कामं दाराशी बसून मोजता येतात.

आधी दार शोधा. जुन्या चाळीची भिंत, जिन्याखालची फट, मीटरची पेटी, कंपाउंडमधल्या झाडाची ढोली. राळ आणि मेणाची बोटाएवढी किंवा त्याहून बारीक नळी बाहेर आलेली असेल आणि तिच्या कडेवर इवल्या काळ्या माशांची डोकी दिसत असतील, तर ती पोया. या माशीला वापरण्याजोगी नांगी नसते. त्रास दिलात तर केसांत शिरून चावे घेते, एवढंच. फांदीवर तळहाताएवढं एकच उघडं पोळं असेल तर ती फुलोरी, म्हणजे वेगळ्या जातीची मधमाशी. छज्ज्याखाली लोंबणाऱ्या आग्या मोहोळावर हा प्रयोग अजिबात करू नका.

नळीच्या मागे पांढरा कागद लावला की माशी ठसठशीत दिसते, पण तो आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर लावा. सकाळी लावलात तर दाराची खूण बदलते, परतलेल्या माशा हवेतच घिरट्या घालत राहतात आणि पहिला अर्धा तास वाया जातो. जवळची कुंडी हलवली तरी हेच होतं. बसायचं बाजूला, हातभर अंतरावर, त्यांच्या येण्याजाण्याच्या रेषेत नाही.

आता मोजणी. एका वेळी १० मिनिटं आणि फक्त आत येणाऱ्या माशा. येणाऱ्या-जाणाऱ्या एकदम मोजायला गेलात की दोन्ही आकडे चुकतात. वहीत तीन रकाने पाडा: पराग, राळ, रिकामे पाय. पराग मागच्या पायावर मऊ, कोरड्या गोळ्यासारखा दिसतो, पिवळा, पांढरा किंवा केशरी. राळ चकाकते, तिचा थेंब तपकिरी आणि चिकट असतो. रिकाम्या पायाची माशी मकरंद घेऊन आली, पाणी घेऊन आली की हात हलवत आली, हे दारावरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तिघींचा रकाना एकच ठेवा. नजर पुरत नसेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये नळीच्या तोंडावर फोकस पक्का करून घ्या आणि नंतर मोजा. इमारतीला ऑइल पेंट चालू असेल तर त्या आठवड्याची राळ धरू नका; या माशा ओला रंगही पायाला लावून नेतात.

मोजण्या दिवसाला चार, किमान तीन कोरडे दिवस. वेळ घड्याळावर नाही, सूर्योदयापासून धरा: १, ३, ६ आणि ९ तासांनी. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि मेअखेरीस सहाच्या आसपास, त्यामुळे ‘सकाळी आठ’ या दोन महिन्यांत एकच वेळ नसते. पराग बहुधा सकाळी जास्त येतो. पावसाची सर थांबल्यावर एकदम झुंबड उडते. तो आकडा वेगळा लिहा.

दोन गोष्टी हमखास फसवतात. दुपारी काही माशा बाहेर येऊन दाराकडे तोंड करतात आणि डावी-उजवीकडे झुलत मागे मागे सरकतात. या नव्या माशा घराची खूण पाठ करत असतात. त्या लगेच आत परतल्या की ‘रिकामे पाय’ उगाच फुगतात. दुसरं, कधी दारासमोर माशांचा ढग तासन्‌तास तरंगतो आणि आत कोणीच जात नाही. ते नर, राणीच्या उड्डाणाची वाट पाहणारे. त्यांना मोजू नका.

समजा १० मिनिटांत ६० आल्या, त्यांत १८ परागवाल्या. म्हणजे ३० टक्के खेपा परागाच्या झाल्या, ३० टक्के माशा परागाच्या नव्हेत. जवळच्या शेवग्यावरून एकच माशी तेवढ्या वेळात दोनदा आली असेल. या प्रयोगात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ती टाळायची तर माशांवर खूण करावी लागते.

टूथपिकचं टोक ॲक्रेलिक रंगात जेमतेम बुडवा, कागदावर एकदा टेकवून जादा रंग काढा आणि माशी नळीवर उतरून क्षणभर थांबते तेव्हा पाठीच्या मधोमध ठिपका द्या. पराग आणणारीला पांढरा, राळ आणणारीला पिवळा, प्रत्येकी १०. पंखाच्या मुळाशी रंग गेला की माशी उडू शकत नाही, म्हणून आधी पांढऱ्या तिळावर सराव करा. एकच ठिपका साधला आणि तो पसरला नाही, तर हात बसला. पुढचे तीन दिवस फक्त ठिपकेवाल्यांची नोंद ठेवा: पांढरीने पुन्हा परागच आणला की राळ? बऱ्याचजणी निदान दिवसभर एकाच मालाला चिकटलेल्या आढळतील, काही मध्येच बदलतील. त्यांची वेळ लिहून ठेवा, कारण ती सकाळच्या परागाच्या ओसरण्याशी जुळते का हे त्यावरूनच कळेल.

पहारेकरी मोजायला सोपे. प्रत्येक मोजणी सुरू करण्याआधी कडेवरची डोकी मोजा. मुंग्यांची रांग नळीकडे वळली असेल तर तो आकडा वाढलेला असू शकतो, म्हणून शेजारी ‘मुंग्या’ असं लिहा. मुंग्यांवर खडू किंवा फवारा मारू नका, त्याने माशाही मरतील.

खेपा घालणाऱ्या माशा वयाने शेवटच्या टप्प्यातल्या, त्यामुळे ठिपकेवाल्या एकेक करून दिसेनाशा होतील. आठवड्याभरात त्या निम्म्याच्या खाली आल्या तर नवीन १० माशांना वेगळा रंग द्या. जुन्या आणि नव्यांची बेरीज एकत्र करू नका.