दातांचं दुखणं घरी सांभाळताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या गच्चीवर क्रिकेट खेळताना दहा वर्षांच्या एका मुलाच्या तोंडावर चेंडू बसला आणि पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. आईने घाबरून दात उचलला, नळाखाली ब्रशने घासून लख्ख केला, रुमालात गुंडाळला आणि मुलाला घेऊन दवाखाना शोधत निघाली. पोचायला दीड तास लागला. तिच्या प्रेमात आणि धावपळीत काहीच कमी नव्हतं, तरीही दात वाचला नाही. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं तेव्हापासून मनात आहे.

निखळलेल्या दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. दात पुन्हा हाडात रुजतो तो या पेशींच्या जोरावर. घासल्याने त्या खरवडून निघतात, कोरड्या रुमालात वाळून मरतात. तासभर कोरडा राहिलेला दात परत बसवला तरी सहसा फार वर्षं टिकत नाही, त्याचं मूळ हळूहळू झिजत जातं. म्हणून दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर थंड पाण्याखाली दहा सेकंद धरा, घासायचं नाही. जमल्यास लगेच खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल दाताखाली हलकेच दाबून धरायला सांगा. धीर झाला नाही तर दात पिशवीतल्या थंड दुधात बुडवून अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्टकडे पोचा. साध्या पाण्यात ठेवू नका, त्यात त्या पेशी फुगून फुटतात.

दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते. पुढचे पक्के दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात, त्यामुळे या वयात नक्की कोणता पडला ते डॉक्टरांना ठरवू द्या. दात सापडतच नसेल तर तेही सांगा, कधीकधी तो श्वासनळीत गेलेला असतो. आणि मूल बेशुद्ध झालं असेल किंवा उलट्या होत असतील तर दात राहू दे बाजूला, आधी मोठं रुग्णालय गाठा.

ठणकणाऱ्या दाढेवरचे उपाय

दुखऱ्या दाढेशी हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरणारे लोक मी पाहिले आहेत. ती गोळी आम्ल आहे. हिरडी पांढरी पडते, भाजते आणि एकाची दोन दुखणी होतात. गोळी काम करते ती पोटातून रक्तात गेल्यावर.

लवंगतेल खरंच उपयोगी आहे, त्यातल्या युजेनॉलने नस थोडा वेळ बधिर होते. पण बाटलीच तोंडात उपडी केली तर हिरडी सोलवटते. खोबरेल तेलाच्या चार-पाच थेंबांत लवंगतेलाचा एक थेंब मिसळा, कापसाच्या छोट्या बोळ्याने किडलेल्या खळग्यातच लावा. लहान मुलांना हे करू नका, ते तेल पोटात जाणं त्यांना घातक ठरतं.

मिश्रीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडे कितीतरी बायकांना मिश्रीची सवय दाढदुखीच्या निमित्ताने लागते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिनने घटकाभर बरं वाटतं, कीड होती तिथेच राहते, आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका अंगावर येतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणाऱ्यांकडेही जाऊ नका. दातात अळ्या नसतात. कीड म्हणजे जिवाणूंच्या आम्लाने झिजलेला दात.

गालाला सूज असताना बाहेरून गरम शेक देणं ही घरोघरची चूक. आत पू असेल तर शेकाने सूज वाढते. कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं लावा, मग तेवढाच वेळ थांबा. रात्री ठणका वाढतो कारण आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त जातं आणि कडक दाताच्या आत सुजलेल्या नसेला पसरायला जागा नसते. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजली असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ पुरतं.

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. नसेची कळ त्यांनी थांबत नाही. आणि चार दिवस ठणकून दाढ अचानक शांत झाली तर ती बरी झाली असं समजू नका. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतो. पुढच्या वेळी थेट सूज येते.

दाढ काढल्यावर त्या दिवशी सारखं थुंकणं, चुळा भरणं आणि स्ट्रॉने पिणं टाळा. खाचेतली रक्ताची गुठळी निघून गेली की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ ओला गॉझ अर्धा तास न उघडता दाबून धरा. दातावर बसवलेली कॅप निघाली तर ती फेविक्विकने चिकटवू नका, डबीत ठेवून दवाखान्यात न्या.

सूज जबड्याखाली मानेकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, लाळसुद्धा गिळता येत नसेल, श्वास अडतोय असं वाटत असेल किंवा डोळा मिटेपर्यंत गाल फुगला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तासाभरातसुद्धा श्वासाचा मार्ग बंद होऊ शकतो. 108 ला फोन करा, नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. निघताना घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा आणि मधुमेह, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दारातच सांगा.