भातखाचरात औषधे वापरताना जिवाणू कसे टिकवावेत

भातातली बहुतेक तणनाशके आणि कीटकनाशके शिफारशीच्या मात्रेत वापरली तर जमिनीतल्या जिवाणूंची घट काही आठवड्यांत भरून निघते. खरे नुकसान करतात ते वाढीव मात्रा आणि चुकलेला क्रम.

बीजप्रक्रियेत रासायनिक बुरशीनाशक आधी आणि जिवाणू खत सर्वांत शेवटी. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळलेल्या बियाण्याला वर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना रोखणारी मित्रबुरशी) लावणे म्हणजे पाकीट वाया घालवणे, कारण ट्रायकोडर्मा हीही बुरशीच आहे आणि त्या औषधाने तीही मरते. दोन्हींपैकी एकच निवडा. ट्रायकोडर्मा असेल तर किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम. अझोस्पिरिलम (नत्र बांधणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खते रोपांच्या मुळांना द्या: एकरासाठी प्रत्येकी 1 किलो 40 लिटर पाण्यात कालवून मुळे अर्धा तास बुडवा आणि त्याच दिवशी लावणी उरका. त्याच पाण्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मिसळायचा मोह टाळा.

तणनाशकाची मात्रा बहुतेक वेळा पंपावर चुकते. ‘पंपाला दोन झाकणे’ हे माप नव्हे. नुसत्या पाण्याने 10 मीटर बाय 10 मीटर जागा नेहमीच्या चालीने फवारा आणि किती पाणी संपले ते मोजा. त्याच्या 40 पट पाणी एकराला लागते. 5 लिटर संपले तर एकरी 200 लिटर. प्रेटिलाक्लोर 50 ईसी (50 टक्के तीव्रतेचे द्रव तणनाशक) एकरी 600 मिली द्यायचे असेल, तर 15 लिटरच्या पंपात 45 मिली पडले पाहिजे. फवारणी लावणीनंतर 3 ते 5 दिवसांत, उथळ पाण्यात. पुढचे दोन दिवस पाणी बाहेर सोडू नका. बांधाच्या कोपऱ्यात वळताना नोझल बंद करा, नाहीतर तेवढ्या जागेत दुप्पट औषध पडते.

निळे-हिरवे शेवाळ (हेही हवेतला नत्र बांधणारे जिवाणूच) तणनाशकानंतर किमान आठवडाभर थांबून एकरी 4 किलो, उभ्या पाण्यात फेका. त्यावर युरिया उधळलात तर मेहनत पाण्यात गेली: पाण्यात आयता अमोनिया मिळाला की शेवाळ हवेतला नत्र बांधायचे थांबवते. युरियाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध 7 ते 10 सेंमी खोल खोचाव्यात. नत्र मुळांपाशी राहतो आणि वरच्या पाण्यात फारसा उतरत नाही.

कार्बोफ्युरानसारख्या कीटकनाशकानंतर कधीकधी शेवाळ उलट जोमाने वाढते. औषध मानवले, असा अर्थ काढू नका. शेवाळ खाणारे बारीक कवचधारी जीव मेलेले असतात, एवढेच.

तांबेयुक्त बुरशीनाशकांचे मात्र वेगळे आहे. तांबे कुजत नाही, विरत नाही. दर हंगामाला मातीत साठत जाते. मोरचूद (तांब्याचाच क्षार) तर शेवाळ मारायलाच वापरतात. रोग दिसल्याशिवाय ही औषधे फवारू नयेत. स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक आहे, तेही जिवाणू खताच्या आगेमागे नको.

परिणाम पाहायचा असेल तर एक पट्टा औषधाविना ठेवा आणि मध्ये छोटा बांध घाला, कारण पाण्याबरोबर औषध पलीकडे जाते. निव्वळ सुती कापडाचे सारखे तुकडे दोन्हीकडे 10 सेंमी खोल पुरा, नायलॉनच्या दोरीने काठीला बांधून. सहा आठवड्यांनी काढून हलकेच धुवा. जिवाणू कामात असतील तिथे कापड विरते, बोटाने ओढताच फाटते. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी ठेवा. नाहीतर औषधाचा नव्हे, पाण्याचा फरक मोजाल.