छेद कुणाकुणाला? वर्डमध्ये गणिताची सूत्रं टाइप करताना

नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रोजेक्टच्या फायली हे बारमाही काम. सहामाही आणि प्रिलिम जवळ आल्या की कॉलेज रोड, गंगापूर रोडकडचे क्लासवाले सर गणिताचे पेपर घेऊन येतात. काही तर येतही नाहीत, फोनवरच सांगतात. सुरुवातीला मी अपूर्णांक कसा काढायचे? वरचा आकडा एका ओळीत, खाली रेघ, खालचा आकडा तिसऱ्या ओळीत, आणि स्पेस मारमारून सगळं एकाखाली एक आणायचं. प्रिंटर बदलला की अंश एकीकडे आणि छेद दुसरीकडे.

वर्डच्या इन्सर्ट टॅबमध्ये इक्वेशन आहे हे बहुतेकांना माहीत असतं. तिथे अपूर्णांकाच्या, वर्गमुळाच्या तयार चौकटी मिळतात. माऊसने चौकट उचला, आत क्लिक करा, आकडा भरा, पुढच्या चौकटीत जा. पहिल्या दिवशी ठीक आहे. चाळीस मार्कांचा पेपर असा करायला बसलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

त्यापेक्षा ऑल्ट दाबून धरा आणि बरोबरचं चिन्ह दाबा. सूत्राची चौकट उघडते. तिच्यात 3/4 टाइप करा आणि स्पेसबार दाबा. तीन वर जातात, चार खाली, मधे रेघ. सगळी किमया त्या स्पेसबारची. ती स्पेस सूत्रात उमटत नाही, सूत्र रचण्यात खर्ची पडते. आपण तोंडाने ‘तीन छेद चार’ म्हणतो ना, त्याच क्रमाने बोटं चालवायची. घातासाठी टोपीचं चिन्ह, म्हणजे शिफ्ट आणि 6. वर्गमुळासाठी बॅकस्लॅश मारून एस, क्यू, आर, टी ही चार अक्षरं आणि मग कंसात आतला मजकूर. अधिक आणि उणे लागोपाठ टाइप केलं की ± होतं. थीटा, पाय हवे असतील तर बॅकस्लॅश मारून त्यांचं इंग्रजी स्पेलिंग लिहायचं. वर्ड 2007 पासून हे असंच चालतं.

आता कंसाचं, कारण माझं नाक तिथेच कापलं गेलं होतं. एका सरांनी वर्गसमीकरणाचं उत्तर फोनवर सांगितलं: ‘पाच अधिक-उणे वर्गमुळात पंचवीस उणे चोवीस, छेद दोन.’ मी ऐकलं तसं टाइप केलं: 5±√(25-24)/2. वर्डने छेद दोन फक्त वर्गमुळाला दिला, पाच बिचारा बाहेर राहिला. त्या हिशेबाने उत्तरं येतात 5.5 आणि 4.5. खालच्याच ओळीत मी सरांनी सांगितलेली उत्तरं, 3 आणि 2, सुबक छापली होती. उत्तरपत्रिकेच्या साठ प्रती निघाल्यावर फोन आला, ‘ताई, छेद सगळ्याला आहे हो!’

सरांची चूक नव्हती. बोलताना कंस ऐकूच येत नाही. फळ्यावर लांब रेघ ओढली की छेद कुणाला आहे ते दिसतं, कानाला ती रेघ कुठून दिसणार? म्हणून टाइप करायचं असं: (5±√(25-24))/2 आणि मग स्पेस. रेघ सगळ्याखाली जाते आणि बाहेरचा कंस गायब होतो. तो फक्त ‘हे सगळं एकत्र’ एवढं सांगायला होता. घातांकातही तसंच, 2^(3+4) लिहिलंत तर तीन अधिक चार दोन्ही वर चढतात आणि कंस जातो. छापून कंस हवाच असेल तर दोनदा द्यायचा, ((3+5))/2, म्हणजे एक जातो आणि एक राहतो. घाताच्या पायातला, म्हणजे टोपीच्या डावीकडचा, कंस मात्र वर्ड हलवत नाही. सरावाला आपल्या देवळालीच्या कापरेकर सरांचं उदाहरण घ्या: 45^2=2025=(20+25)^2. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत येते. 297 घेऊनही बघा, वर्ग 88209, आणि 88 अधिक 209 किती ते तुम्हीच करा. 6174 या ‘कापरेकर स्थिरांका’वाले कापरेकर ते हेच, देवळालीच्या शाळेत शिकवायचे.

चुकलं तर पुसत बसू नका. कंट्रोल झेड एकदा दाबलं की रचलेलं सूत्र पुन्हा आडव्या ओळीत येतं, कंस घालायचा आणि परत स्पेस द्यायची. जुनं सूत्र असेल तर चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातल्या बाणावर जाऊन लिनिअर निवडा, दुरुस्ती करा आणि प्रोफेशनलवर परत या.

दहावीच्या पेपरात निश्चयक येतोच. त्याला उभी रेघ, बॅकस्लॅश, मॅट्रिक्सचं स्पेलिंग, मग कंसात 3&2@4&5, कंस बंद, परत उभी रेघ आणि स्पेस. त्यातलं & पुढच्या स्तंभात नेतं, @ खालच्या ओळीत. एकदा हाताला बसलं की निश्चयकांनी समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत पाच मिनिटांत टाइप होते.

आता नेहमी अडवणाऱ्या गोष्टी. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या जागी अनुस्वार येतो, टोपीच्या जागी त्र आणि तिरक्या रेघेच्या जागी य. चौकट उघडण्याआधी विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी करून घ्या. चौकटीत मराठी शब्द घालूच नका, माझ्याकडे जोडाक्षरं विसकटली आहेत. ‘म्हणून’साठी ∴ आहे, बाकीचं वाक्य चौकटीबाहेर लिहा. इक्वेशनचं बटण मळकट दिसतंय आणि दाबलं जात नाही? फाइल जुन्या डॉक प्रकारची असते, डॉकएक्स म्हणून सेव्ह करा. सरांच्या पेनड्राइव्हवरच्या दहा वर्षांपूर्वीच्या पेपरातली सूत्रं उघडत नसतील तर ती जुन्या इक्वेशन एडिटरची असणार. मायक्रोसॉफ्टने तो 2018 च्या जानेवारीत सुरक्षेच्या कारणाने काढूनच टाकला. मी अशी सूत्रं नव्याने टाइप करते आणि त्याचे पैसे वेगळे घेते.

अपूर्णांक अचानक बारीक दिसायला लागला, तर त्याच ओळीत प्रश्नाचे शब्द आहेत. सूत्र एंटर मारून स्वतंत्र ओळीवर न्या, मोठं होतं.

वर्ड विकत घ्यायचं नसेल तर लिब्रे ऑफिस फुकट आहे. तिथे इन्सर्ट, ऑब्जेक्ट, फॉर्म्युला. खालच्या खिडकीत लिहायचं, वर सूत्र उमटतं. छेदासाठी ‘ओव्हर’ हा शब्द इंग्रजीत, आणि एकत्र बांधायला महिरपी कंस. मला वर्डची सवय आहे, पण भाचीने तिचा अख्खा प्रोजेक्ट त्यातच केला.

पेपर क्लासला पाठवताना पीडीएफ करूनच पाठवते, नाहीतर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलून रेघा हलतात. त्याआधी दुकानातल्या पोराला एकेक सूत्र मोठ्याने वाचायला लावते आणि मी मूळ कागद धरून बसते. फोनवर सांगणाऱ्या सरांना तर ‘छेद’ हा शब्द कानावर पडला की तिथेच थांबवते, ‘सर, छेद कुणाकुणाला?’ आता काही सर आपणहून सांगतात, ‘ताई, कंस उघडा.’