ब्रिटनच्या युद्धकाळातल्या रेशनवर एक आठवडा: काय तोलायचं, कसं शिजवायचं

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनचं रेशन घरी करून बघणारे बहुतेक जण एकच चूक करतात. आठवडाभर अर्धपोटी राहायचंय असं धरून चालतात. युद्ध चालू असेपर्यंत तिथे ना पाव रेशनवर होता ना बटाटा. पावावर रेशन आलं ते युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये. खरी ओढाताण होती ती चरबीची आणि साखरेची. म्हणून आठवड्याचा बेत चरबीपासून आखायचा.

१९४३ च्या सुमाराचा एका मोठ्या माणसाचा आठवड्याचा वाटा आधी तोलून वेगळा ठेवा: लोणी ५७ ग्रॅम, मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायची चरबी) ११३, लार्डसारखी (लार्ड म्हणजे डुकराची चरबी) स्वयंपाकाची चरबी ५७, साखर २२७, चीज ५७, चहा ५७, बेकन ११३, दूध तीन पाइंट म्हणजे १.७ लिटर, आणि मिळालं तर एक अंडं. आकडे असे अडनिडे दिसतात कारण मूळ मापं २, ४ आणि ८ औंसांची (एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम). हे वाटे कायमचे ठरलेले नव्हते. चीज मे १९४१ मध्ये १ औंसावर सुरू झालं आणि पुढच्या वर्षी काही काळ ८ औंसांपर्यंत गेलं. मांस मात्र वजनावर नाही, किमतीवर मिळे: माणशी १ शिलिंग २ पेन्स. स्वस्त तुकडा घेतला की वजन जास्त पदरात पडे. प्रयोगापुरतं अर्धा किलोच्या आसपास धरा. काळीज-गुर्दे रेशनबाहेर होते. शाकाहारी लोक मांसावरचा हक्क सोडून जास्तीचं चीज घेत.

आता चरबी. तिन्ही मिळून २२७ ग्रॅम, म्हणजे दिवसाला जेमतेम ३२. लोणी फक्त पावाला लावायला ठेवा, तेही रोज ८ ग्रॅम. मार्गारिन आणि लार्ड शिजवण्यासाठी. पहिल्या दोन दिवसांत काही तळलंत तर गुरुवारी ‘पाय’च्या (इंग्रजी pie, भाज्यांवर पिठाची पारी घालून भाजलेला पदार्थ) पारीला चरबी उरत नाही, प्रयोग नेमका इथेच फसतो. लोण्याचा रिकामा कागद टाकू नका, पावाच्या साच्याला आतून फिरवायला तोच पुरतो. मांसाचा रस्सा गार झाला की वर थिजलेली चरबी चमच्याने उचलून वाटीत जमवा.

पाव पांढरा नको. १९४२ च्या वसंतात सरकारने पांढऱ्या पिठाचा पाव बंद केला आणि ८५ टक्के उताऱ्याचं पीठ सक्तीचं केलं, म्हणजे १०० किलो गव्हातून ८५ किलो पीठ. जहाजांवरची जागा वाचवायची तर त्याच गव्हातून जास्त पीठ काढणं भाग होतं. घरी सोपा मार्ग असा: एक किलो पूर्ण गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळा आणि चाळणीवर राहिलेला जाडा कोंडा तोलून १५० ग्रॅम बाजूला काढा. तेवढा निघाला नाही तर चाळणी आणखी बारीक घ्या. तेव्हा पिठात खडूची पूडही घालत, कारण कोंड्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियम अंगी लागू देत नाही. घरी ती लागत नाही.

या पिठातलं ५०० ग्रॅम घ्या, मीठ ९ ग्रॅम, सुकं यीस्ट ५ ग्रॅम, कोमट पाणी ३३० मिली. चरबी अजिबात नाही. दहा मिनिटं मळा. आधी हाताला चिकटेल, पण म्हणून कोरडं पीठ लावत बसू नका. पाच मिनिटांत कोंडा पाणी पितो आणि गोळा आपोआप सुटतो. तासाभरात फुगेल. साच्यात घातल्यावर दुसऱ्यांदा फुगू द्याल तेव्हा लक्ष ठेवा. साच्याच्या काठाला आला की लगेच ओव्हनमध्ये. कोंड्याचे कण पिठाची ताण कापतात, त्यामुळे जास्त फुगलेला पाव भट्टीत मधोमध खचतो. २२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २० ते २५. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका, नाहीतर आत लगदा होतो.

अंड्याची पूड चार आठवड्यांना एक पाकीट मिळे, त्यात बारा अंडी. एक सपाट मोठा चमचा पूड, दोन चमचे पाणी, एवढं एक अंडं. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात. आधी थोड्या पाण्यात घोटून लेप करा, मग उरलेलं घाला. कालवल्यावर लगेच वापरा. केकसाठी कालवूच नका, पूड कोरडीच मैद्यात मिसळा आणि तेवढं पाणी दुधासोबत घाला.

गुरुवारचा पाय म्हणजे वूल्टन पाय. लॉर्ड वूल्टन तेव्हाचे अन्नमंत्री. बटाटा, फ्लॉवर, गाजर आणि स्वीड (सलगमसारखा कंद) प्रत्येकी ४५० ग्रॅम, तीन-चार पातीचे कांदे, एक मोठा चमचा ओटचं पीठ. बुडेल इतपतच पाण्यात दहा मिनिटं शिजवा, सारखं ढवळत राहा, कारण ओट तळाला धरतं. हे चार-पाच जणांना पुरतं. पारीसाठी मैदा २०० ग्रॅम, कुस्करलेला बटाटा १००, चरबी ५०. बटाटा उकडल्यावर पाणी काढून पातेलं पुन्हा मिनिटभर आचेवर ठेवा. ओला बटाटा पारी चामड्यासारखी करतो. कुस्करा गरम असताना, मैद्यात मिसळा पूर्ण गार झाल्यावर. भाजीही गार झाली की मगच वर पारी घाला, नाहीतर वाफेने ती खालून कच्ची राहते.