जुनी पॉइंट टू-टू (.२२) सेमी ऑटो रायफल: घेताना काय बघायचं, आणल्यावर काय करायचं

इथे अमेरिकेत, ओहायोत, छोट्या गावातल्या पॉन शॉपमध्ये (गहाण पडलेला जुना माल विकणारं दुकान) शिरलात की गिटार आणि ड्रिल मशीनच्या शेजारी एखादी जुनी मार्लिन मॉडेल ६० टांगलेली असतेच. १९६० ला आलेली रायफल, एक कोटीच्या वर बनल्यात, त्यामुळे दुर्मिळ वगैरे काही नाही. माझी अशीच घेतलेली, दस्त्यावर खारीचं चित्र ठसवलेली ग्लेनफिल्ड, म्हणजे मार्लिनचाच स्वस्त ब्रँड. दुकानदार म्हणाला, अडकते म्हणून स्वस्तात देतोय. मी म्हटलं द्या.

पण आधी कागदाचं बघा, कारण आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर ठीक, पण एच-१बी, एफ-१ व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने बंदूक नुसती जवळ बाळगणंसुद्धा चालत नाही. हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे, पण तो मित्राच्या ऐकीव माहितीवर वापरू नका, वकिलाला विचारा. राज्याचे नियम परत वेगळे. घ्यायची ती लायसन्सवाल्या डीलरकडून, फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरून. आणि १९६८ च्या फेडरल बंदूक कायद्याआधीच्या बऱ्याच स्वस्त .२२ वर सिरीयल नंबर नसतो, तो कधी टाकलेलाच नव्हता, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नंबर घासून काढल्यासारखा दिसला तर मात्र हात न लावता बाहेर पडा.

आता या जुन्या रायफली लोकांना एवढ्या का आवडतात, तर माझ्या मते कारण साधं आहे, आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. या यंत्रणेला ब्लोबॅक म्हणतात, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, कुठे लॉक होत नाही, फक्त त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग. गोळी सुटली की रिकामी पुंगळी बोल्टला मागे ढकलते, पुंगळी बाहेर, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते, येताना तो नवीन काडतूस घेऊन येतो. बस. आणि रिमफायर म्हणजे दारू पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतो, फायरिंग पिन ती कड चेपते. काडतूस तेच .२२ लाँग रायफल, १८८७ सालचं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रॉन्झ घेतलं ते याच काडतुसावर, अर्थात त्याची रायफल बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर वेळी बोल्ट हाताने ओढायची, आपल्या पॉन शॉपच्या मालाशी तिची काय तुलना.

दुकानात काय बघायचं. सगळ्यात आधी मॅगझिन काढून बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते बघा, दुकानदाराने आत्ताच बघितलं असलं तरी परत बघा. ट्यूबवाल्या रायफलमध्ये (काडतुसं बॅरलखालच्या नळीत भरतात ती, मार्लिन ६० तशीच) आतली नळी काढली तरी एखादं काडतूस आतच अडकून राहू शकतं, लोक इथेच फसतात. मग बॅरलवर काय लिहिलंय ते वाचा. विंचेस्टर १९०३ दिसायला फार देखणी, पण तिला स्वतःचं वेगळं .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक काडतूस लागतं, त्यात लाँग रायफल चालत नाही, आणि ते काडतूस शोधता शोधता जीव जातो. तशीच दिसणारी मॉडेल ६३, १९३३ ची, ती लाँग रायफल खाते. काही जुन्यांवर फक्त शॉर्ट (.२२ चं आखूड काडतूस) असं लिहिलेलं असतं, तेही बघा.

टॉर्च मारून चेंबरच्या तोंडाची कड बघा. रिकाम्या रायफलचा चाप ओढत बसायची काही लोकांना सवय असते, मग पिन थेट त्या कडेवर आपटते, तिथे खड्डा पडतो आणि पुंगळ्या अडकायला लागतात. मॅगझिनच्या ट्यूबला पोचा असेल तर आतला फॉलोअर (काडतुसं पुढे ढकलणारा तुकडा) अडकतो, बोटाने चाचपून बघा. ब्राउनिंगची एसए-२२ असेल, जी मधून दोन तुकडे होते आणि पुंगळ्या खालून टाकते, तर जोडाजवळ हलवून बघा, थोडी खडखड असेल तर ॲडजस्ट होते. रेमिंग्टन नायलॉन ६६ ची बॉडीच नायलॉनची, १९५९ ला लोक हसले असतील, पण त्याच वर्षी टॉम फ्राय नावाच्या माणसाने तिने हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांपैकी १,००,००४ उडवले, चुकले फक्त ६. ती मिळाली तर घ्या, पण पूर्ण खोलायच्या भानगडीत पडू नका, परत जोडताना रडाल.

घरी आणल्यावर. अडकणाऱ्या जुन्या .२२ पैकी बहुतेक बिघडलेल्या नसतातच हो, नुसत्या घाणीने भरलेल्या असतात. शिशाचा चुरा, गोळीवरचं मेण, आणि कोणीतरी कधीकाळी ओतलेलं तेल जे सुकून वार्निश झालंय. मार्लिनचे खालचे दोन स्क्रू काढले की ॲक्शन, म्हणजे आतली सगळी यंत्रणा, लाकडातून बाहेर येते. मग पिना काढायच्या, आणि बारीक क्लिप्स टणकन उडतात म्हणून मी सगळं मोठ्या झिपलॉक पिशवीत हात घालून करतो. बोल्टमागची स्प्रिंग लांब आणि नाजूक, वाकली तर नवीन आणा, सरळ करत बसू नका. जुना टूथब्रश, सॉल्व्हंट, आणि शेवटी तेलाचा अगदी थेंब, फोडणीसारखं ओतू नका. जेवायच्या टेबलावर हे करायचं नाही, शिसं आहे ते, नंतर हात साबणाने धुवा. बॅरलमध्ये पुढून स्टीलचा रॉड घातला तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो, त्यापेक्षा दोरीसारखा बोअर स्नेक चेंबरकडून ओढून घ्या. लाकूड मात्र तसंच राहू द्या, पॉलिश पेपर लावलात तर रायफलची किंमत गेलीच.

माझ्या ग्लेनफिल्डचा खरा आजार रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो ती धातूची पेटी) मागच्या टोकाला निघाला, बोल्ट ज्यावर आपटतो तो प्लास्टिकचा बफर. वयाने पार भुगा झालेला, त्याचे तुकडे ॲक्शनभर फिरत होते. पार्ट अगदी किरकोळ किमतीचा, बसवला आणि त्या दिवसापासून चालतेय. तुमचीही अडकत असेल तर आधी तो बघा.

रेंजवर पहिल्यांदा फक्त दोनच काडतुसं भरा. झिजलेल्या पार्टमुळे एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या तर तिथेच थांबायचं आणि गनस्मिथकडे न्यायची. नीट चालली तर मग साधी ४० ग्रेनची (गोळीचं वजन) हाय व्हेलॉसिटी काडतुसं वापरा, सबसॉनिकमध्ये (आवाजापेक्षा कमी वेगाच्या काडतुसात) बोल्ट पुरता मागे ढकलायचा जोर बरेचदा नसतो आणि तुम्ही उगाच रायफलला शिव्या घालाल. आणि घरी चाप ओढून बघायचाच असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पिवळे ड्रायवॉल अँकर आणा, ४-६ नंबरचे, चेंबरमध्ये बरोबर बसतात आणि पिन त्या प्लास्टिकवर आपटते.