अमेरिकेतून जर्मनीत येताना: बोलण्यातले आणि वागण्यातले फरक

पुण्याहून थेट जर्मनीत येणाऱ्यापेक्षा पाच-सात वर्षं अमेरिकेत काढून इथे येणाऱ्या मराठी माणसाची गल्लत जास्त होते. पुण्याहून येणारा सगळंच नवीन आहे असं धरून चालतो. अमेरिकेतून येणाऱ्याला वाटतं की परदेश आपल्याला माहीत आहे, इंग्रजी सराईत आहे, आता फक्त भाषा तेवढी शिकायची. मग पहिल्याच आठवड्यात एखादा सहकारी चारचौघांत म्हणतो, ‘हे चूक आहे,’ आणि त्या रात्री झोप लागत नाही.

अमेरिकन माणूस बरेचसे शब्द समोरच्याला बरं वाटावं म्हणून वापरतो. जर्मन माणूस तेच शब्द माहिती म्हणून ऐकतो आणि माहिती म्हणूनच बोलतो. एवढा एक फरक पक्का ध्यानात ठेवला तर निम्मे गैरसमज टळतात. दुसरी गोष्ट आनंदाची आहे: जर्मन शिकताना अमेरिकन इंग्रजीपेक्षा मराठी जास्त उपयोगी पडते. ती बाजूला टाकू नका.

नमस्कार, आमंत्रण आणि ‘नको’

अमेरिकेत ‘हाउ आर यू’ हा नमस्कार आहे, त्याला उत्तर अपेक्षित नसतं. जर्मनमधलं ‘वी गेट एस इनन’ हा खरा प्रश्न आहे आणि तो ओळखीच्या माणसालाच विचारतात. दुकानातल्या गल्ल्यावर ‘हालो’ आणि निघताना ‘च्यूस’ पुरतं. मात्र तेवढं बोलायचंच. डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात शिरताना, लिफ्टमध्ये, बेकरीत, इमारतीच्या जिन्यात शेजारी दिसल्यावर ‘गुटन टाग’ म्हणतात. उत्तरेकडे दिवसभर ‘मॉइन’ चालतं, बव्हेरियात ‘ग्र्यूस गॉट’. हसून मान हलवणं हा अमेरिकन शिष्टाचार इथे अपुरा पडतो, तोंडाने शब्द यावा लागतो. दुपारी ऑफिसात कुणी ‘माल्त्साइट’ म्हणालं तर तो जेवणवेळेचा नमस्कार आहे. उत्तरही ‘माल्त्साइट’ हेच.

आमंत्रणाच्या बाबतीत अमेरिकन आणि मराठी माणूस सारखेच अडचणीत येतात. ‘भेटू या एकदा’ हे अमेरिकन वाक्य आणि आपलं ‘या हं एकदा घरी’ ही दोन्ही निरोपाची वाक्यं आहेत, तारीख कुणी विचारत नाही. जर्मन माणूस विचारतो. तो खिशातून फोन काढतो आणि तीन आठवड्यांनंतरचा शनिवार सुचवतो. तेव्हा बोलवायचं मनात असेल तरच बोलवा. उलट बाजूने, त्याने बोलावलं तर ते खरं असतं. सातची वेळ असेल तर सातला पोचा. पाच मिनिटं इकडेतिकडे चालतात, वीस मिनिटं उशीर होणार असेल तर आधी कळवा.

काही देऊ केल्यावर नुसतं ‘डांकं’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हणालात तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘नको’ असा घेतला जातो. हवं असेल तर ‘या, बिटं’ म्हणा. आपल्याकडे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतात. इथे दुसऱ्यांदा विचारतीलच असं नाही, ताट परत जाईल आणि तुम्ही उपाशीच राहाल.

कौतुक, टीका आणि कामाची भाषा

अमेरिकन ऑफिसात ‘ऑसम’ म्हणजे साधारण ठीक. जर्मन ऑफिसात ‘निश्त श्लेश्ट’, शब्दशः ‘वाईट नाही’, म्हणजे चांगलं झालंय. ‘पास्ट’ म्हणजे जमलं, पुढे जा. श्टुटगार्टच्या परिसरातल्या श्वाबेन लोकांत तर म्हणच आहे: रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. त्यामुळे कौतुक आलं नाही म्हणून घाबरू नका. काही बिघडलं असेल तर तुम्हाला नक्की सांगितलं जाईल, आणि तेही सरळ.

ही टीका कामावर असते. उत्तर देताना आधी माफी, मग आभार, मग स्पष्टीकरण अशी अमेरिकन मांडणी करू नका. ‘मी हे अमुक कारणाने असं केलं’ इतकं सांगा. कारण पटलं तर तोच माणूस लगेच मान्य करतो आणि जेवायला तुमच्यासोबत येतो.

जर्मन सहकाऱ्यांकडून काम करून घेणार असाल तर अमेरिकन गोडवा उलटा अडचणीचा ठरतो. ‘वेळ मिळाला तर हे बघता येईल का’ असं लिहिलंत की तो खरंच वेळ मिळाला तरच बघतो. काय हवं, कशासाठी हवं आणि कधीपर्यंत हवं, हे तीन भाग लिहा. आणि बैठकीत ‘हो हो’ म्हणताना सांभाळा. आपला ‘हो’ पुष्कळदा ‘ऐकतोय’ एवढाच असतो, इथे त्याचं वचन होतं.

या सरळपणाला एक मोठा अपवाद आहे आणि तो महाग पडू शकतो: नोकरी सोडताना मिळणारं ‘आर्बाइट्सत्सॉइग्निस’, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र. ते खरं असावं आणि भल्या भाषेतही असावं अशी कायद्याची अपेक्षा असल्याने त्याची एक सांकेतिक भाषा तयार झाली आहे. ‘श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट’, म्हणजे ‘सदैव पूर्णतम समाधान’, हा पहिला वर्ग. त्यातला ‘श्टेट्स’ गेला आणि नुसतं ‘फोलन’, म्हणजे ‘पूर्ण’, राहिलं की दर्जा मध्यम. ‘प्रयत्नशील होते’ अशा अर्थाचा ‘बेम्यूट’ हा शब्द दिसला तर समजा, काम जमलं नाही असं लिहिलंय. अमेरिकन शिफारसपत्रांची सवय असलेल्याला हे सगळंच कौतुक वाटतं. जाणकाराला दाखवल्याशिवाय ते स्वीकारू नका, दुरुस्ती मागता येते.

आजारपण आणि सुट्टी यांत मन सर्वांत हळू बदलतं. अमेरिकेत बऱ्याच कंपन्यांत दोन्ही एकाच खात्यातून कापतात, म्हणून लोक ताप अंगावर काढून येतात. इथे आजारपण वेगळं असतं. नोकरीला चार आठवडे झाल्यावर एका आजारासाठी सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो. पहिल्या दिवशी सकाळीच कळवायचं. आजारपण तीन दिवसांहून लांबलं तर कायद्याने डॉक्टरचा दाखला लागतो, पण करारात तो आधीही मागितलेला असू शकतो. शिंकत ऑफिसात आलात तर निष्ठा दिसत नाही, बेजबाबदारपणा दिसतो. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २० दिवस रजा कायद्यानेच आहे, बहुतेक करारांत त्याहून जास्त. ती घ्या, आणि रजेवरच्या माणसाला ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहू नका.

‘झी’ आणि ‘डू’

‘झी’ म्हणजे अहो, ‘डू’ म्हणजे अरे-अगं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तरीही अमेरिकेतून आलेला पहिल्या दिवशी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतो, कारण जीभ तशी वळलेली असते. नियम साधा: अनोळखी प्रौढ, घरमालक, सरकारी कर्मचारी, डॉक्टर यांना ‘झी’ आणि ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ लावून आडनाव. ‘डू’ चा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस मांडतो आणि एकदा ‘डू’ झालं की परत फिरत नाही. आयटी कंपन्यांत पहिल्यापासून ‘डू’ असतं, तिथे ‘झी’ म्हणत राहिलात तर उलट दुरावा वाटतो. समोरचे एकमेकांशी काय बोलतात ते दहा मिनिटं ऐका आणि मग ठरवा.

‘माइन फ्रॉइंड’ म्हणजे ‘माझा मित्र’ असं शब्दकोश सांगेल. एखाद्या स्त्रीने तसं म्हटलं तर ऐकणारा ‘प्रियकर’ समजतो. साध्या मित्रासाठी ‘आइन फ्रॉइंड फॉन मिर’, म्हणजे ‘माझ्या मित्रांपैकी एक’, म्हणायचं. पुरुषाने मैत्रिणीबद्दल बोलतानाही हीच काळजी घ्यायची. शिवाय अमेरिकेत दोनदा भेटलेला माणूसही मित्र होतो. इथे तो ‘बेकांटर’, म्हणजे परिचित. मित्र व्हायला वर्षं लागतात, पण घर बदलताना सोफा उचलायला तोच येतो.

मराठी जिथे कामाला येते

जर्मन आकडे अमेरिकनांना रडवतात, कारण एकक आधी येतो: ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. आपण तर जन्मापासून एकवीस, बावीस, चोवीस असंच म्हणतो. डोक्यातल्या डोक्यात इंग्रजीत भाषांतर केलं की आकडे उलटे लिहिले जातात आणि चुकीचा फोन नंबर लागतो. थेट मराठीतून ऐका. अडखळायला होतं ते एकोणतीस, एकोणचाळीस इथेच. जर्मनमध्ये तिथे सरळ नऊ आणि वीस, नऊ आणि तीस असतं.

वेळेचंही तसंच. ‘हाल्ब द्राय’, शब्दशः ‘अर्धा तीन’, म्हणजे २.३०. अमेरिकन माणूस ३.३० समजून तासभर उशिरा पोचतो. आपला ‘अडीच’ मूळ संस्कृत ‘अर्धतृतीय’ वरून आलेला, म्हणजे तिसरा अर्धा. हिशोब तंतोतंत तोच. फक्त ‘साडेतीन’ च्या वेळी सावध राहा, तिथे जर्मन ‘हाल्ब फीर’, अर्धा चार, म्हणतो. पूर्वेकडे आणि दक्षिणेत ‘द्रायफिर्टल द्राय’ ऐकलंत तर ते आपले पावणेतीन, आणि ‘फिर्टल द्राय’ म्हणजे मात्र सव्वादोन. खात्री नसेल तर चोवीस तासांच्या घड्याळाने वेळ परत बोलून घ्या.

व्याकरणातही हाच आधार आहे. ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणजे शब्दशः ‘मला थंड आहे’, आपलं ‘मला थंडी वाजतेय’. ‘मिर गेफेल्ट दास’ म्हणजे ‘मला हे आवडतं’. इंग्रजीच्या वळणाने ‘इश बिन काल्ट’ म्हणालात तर ‘मी भावनाशून्य आहे’ असा अर्थ निघतो. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. शब्दांची लिंगं जुळत नाहीत, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं नवल तरी वाटत नाही.

इंग्रजीने फसवणारे शब्द वेगळे पाठ करा. ‘गिफ्ट’ म्हणजे विष. ‘बेकॉमन’ म्हणजे मिळणं. ‘शेफ’ म्हणजे वरिष्ठ. ‘एव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित. ‘गिम्नाझियुम’ ही माध्यमिक शाळा आहे, व्यायामशाळा नव्हे. ‘बिलिऑन’ म्हणजे एक लाख कोटी, अमेरिकन बिलियनला ‘मिलियार्डं’ म्हणतात. पगाराच्या कागदावर टिंब आणि स्वल्पविरामही उलटे असतात: ४.५०० म्हणजे साडेचार हजार आणि ४,५० म्हणजे साडेचार. सर्वांत धोकादायक आहे ‘म्युसन निश्त’. इंग्रजी कानाला ती मनाई वाटते, पण अर्थ ‘करायची गरज नाही’. मनाईसाठी ‘ड्युर्फन निश्त’ आहे. औषधाच्या पत्रकात किंवा यंत्राच्या सूचनेत ही चूक होऊ देऊ नका.

घर

अमेरिकन ‘टू बेडरूम’ शोधत असाल तर ‘द्राय-त्सिमर’ बघा, कारण बैठकीची खोलीही मोजतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. जाहिरातीत स्वयंपाकघर बसवलेलं आहे असं नसेल तर नळाखालचं सिंकसुद्धा नसू शकतं. पहिला मजला आपल्यासारखाच तळमजल्याच्या वर, अमेरिकेतला दुसरा.

पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचा पिन, कर क्रमांक, विमा कार्ड हे सगळं टपालानेच येतं. म्हणून किल्ली हातात आल्याच्या दिवशीच पेटीवर आणि बेलवर नाव लावा. आडनाव पासपोर्टात आहे तसंच लिहा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, ते किल्लीसोबतच मागून घ्या.

अमेरिकन घरात हवा यंत्र खेळवतं, इथे तुम्ही. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, ५ ते १० मिनिटं. खिडकी दिवसभर नुसती तिरकी ठेवली तर भिंत थंड पडते, तिथे वाफ धरते आणि बुरशी येते. मग घर सोडताना अनामत रकमेवरून वाद. आपल्या कुकरच्या वाफेने हा धोका वाढतो. फोडणीच्या वेळी खिडकी उघडा, पण वास जावा म्हणून जिन्याकडचं दार उघडू नका. तक्रारी तिथूनच येतात. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची. रविवारी ड्रिल नाही, आणि काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंही नाही. दुकानंही बंद, तेव्हा शनिवारीच भाजी-दूध आणा.

पैसे देताना

छापील किमतीत कर आलेला असतो. टीप ५ ते १० टक्के, आणि ती टेबलावर ठेवून जायची नाही. बिल ४२.६० युरो असेल तर पैसे देतानाच ‘पंचेचाळीस’ म्हणायचं, वेटर तेवढे कापून घेतो. सुटे नकोत तर ‘श्टिम्ट झो’. पाणी विकतच येतं आणि साधं हवं असेल तर ‘श्टिलेस’ म्हणावं लागतं. पेयांचे डबे आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या यांवर २५ सेंट अनामत असते. रिकामे झाल्यावर चेपू नका, ते परत घेणारं दुकानातलं यंत्र लेबल वाचून पैसे देतं.

वाढदिवस

अमेरिकेत सहकारी तुमच्यासाठी केक आणतात, इथे ज्याचा वाढदिवस तो आणतो. एक दिवस आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन मानतात, म्हणून शनिवारी वाढदिवस असेल तर सोमवारी बोला. तुमच्या वाढदिवसाला घरचं काही न्यायचं असेल तर नारळाच्या वड्या किंवा करंज्या छान चालतात. डब्याशेजारी एक चिठ्ठी ठेवा आणि काजू, शेंगदाणे, गहू, दूध यांतलं काय काय आत आहे ते स्पष्ट लिहा.