लॅपटॉपचा स्क्रीन पुसताना

दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपांत मधोमध ढगाळ डाग पडलेले स्क्रीन मी नेहमी बघतो. तो मळ नसतो, चकाकी कमी करणारा थर उडालेला असतो, आणि तो परत चढवता येत नाही. म्हणून काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे, टिश्यू पेपर आणि जुना बनियन स्क्रीनपासून लांबच ठेवा.

आधी मशीन बंद करा, चार्जर काढा, स्क्रीन गार होऊ द्या. काळ्या पडद्यावर धूळ छान दिसते. ती आधी मायक्रोफायबरच्या, म्हणजे चष्मा पुसायला मिळतं तसल्या मऊ, कोरड्या फडक्याने, अजिबात न दाबता झटकून घ्या. ओल्या फडक्याखाली तेच कण ओरखडे काढतात.

बोटांचे तेलकट ठसे राहिले तरच पाणी, तेही डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते. बोअरच्या पाण्याचे क्षार वाळून पांढरे पट्टे उठतात. पाणी फडक्यावरच शिंपडा, स्क्रीनवर कधीच नाही: ओघळ खालच्या पट्टीत शिरतो, आणि बऱ्याच पॅनेलांची सर्किट पट्टी नेमकी तिथेच असते. फडकं नुसतं दमट हवं. वरून खाली, एकाच दिशेने फिरवा आणि लगेच कोरड्या बाजूने टिपा.

फडकं धुताना कपड्यांचं कंडिशनर घालू नका, त्याचाच तवंग स्क्रीनवर उतरतो.